उजव्या नाकपुडीतली नथ

एका नवरीची नथ मी उजव्या नाकपुडीत घातली आणि तिला साताऱ्यातल्या भर नाक्यावर वीस फूट उंच टांगून ठेवलं. नुसती नथच नव्हे, पदरसुद्धा उजव्या खांद्यावर. कोरेगावपासून कऱ्हाडपर्यंतच्या नवऱ्या मुलींना तीस वर्षं साड्या नेसवणाऱ्या बाईनं हे केलं. तेव्हा मी तरुण होते, अवघी अठ्ठावन्न वर्षांची. त्या वयात माणूस उतावीळ असतोच. पण ही चूक सांगायची तर आधी टकटक मॅडम सांगायला हवी, कारण चूक माझी होती आणि भोग तिच्या वाट्याला आले.

टकटक मॅडमला खुर्चीवर बसलेलं मी कधी पाहिलं नाही. सांगलीत एका पिठाच्या गिरणीवरच्या माडीत तिचा कॉम्प्युटरचा वर्ग होता. कॉम्प्युटर चार, खुर्च्या चार. पाचव्या खुर्चीला जागा होती, पण तिनं ती आणलीच नाही. हातात पेन घेऊन ती आमच्या पाठीमागून येरझाऱ्या घालायची आणि ज्याचं चुकेल त्याच्या खुर्चीच्या पाठीवर टकटक करायची. खाली गिरणी सुरू झाली की जमीन थरथरायची, वर ही टकटकायची, आणि या दोघींच्या मध्ये माझा हात माऊसवर. "बसा की हो मॅडम दोन मिनिटं," असं म्हटलं की म्हणायची, "बसलं की डोकं पण बसतं, काकी." आधी ती कुपवाडला कपड्यांच्या कारखान्यात होती. कमी कापडात जास्त तुकडे कसे बसतील ते कॉम्प्युटरवर जुळवायचं काम, तेही दिवसभर उभ्यानं. पायांना तीच सवय लागलेली.

मी तिथं पोचले ती रागानं. आमच्याकडं लग्नात साडी नेसवायची म्हणजे मी, असं ठरलेलं होतं. मग एकदा एका नवरीनं मला दारातच थांबवलं आणि फोन दाखवला. पुण्याच्या कुणा मुलीनं तिला एका पानावर साडी, ब्लाउज, नथ, अंबाडा, सगळं जुळवून पाठवलं होतं. "आजी, मला अगदी असाच लूक पाहिजे." म्हणजे डोकं दुसरीचं आणि हात माझे! त्यात 'आजी'! घरी येऊन मी जाहीर केलं की मीही हे पान बनवणार. घरचे हसले. मी सोमवारची पॅसेंजर पकडली आणि सांगलीला लेकीच्या घरी जाऊन धडकले.

वर्गात बाकीच्या तिघी कॉलेजातल्या. त्यांच्यात मी म्हणजे फॅशन शोला आलेली ग्रामदेवता. मॅडम माझ्या धाकट्या लेकीहून लहान, म्हणून आमचा करार झाला होता, वर्गात 'मॅडम, तुम्ही' आणि जिन्यात 'अगं पोरी'. ती मला दोन्हीकडं 'काकी'च म्हणायची. मला एक खोड होती, अजून आहे. साडी नेसवताना पिना ओठांत धरायची सवय, त्यामुळं ओठांत पिन नसली की माझं डोकं चालत नाही. कॉम्प्युटरसमोरही मी एक पिन ओठांत धरून बसायची. "काकी, तोंडातली पिन काढा, मग शंका विचारा. मला नुसतं म्मम्म ऐकू येतंय."

शिकवायची हातोटी मात्र तिचीच. फोटोचे थर म्हणजे लेयर मला काही केल्या समजेनात. ती म्हणाली, "खाली परकर, त्यावर साडी, त्यावर शेला. झाले तीन लेयर. आता परकराचा लेयर उचलून सगळ्यांत वर ठेवला तर काय दिसेल?"

"आमच्या गावात दिसलं असतं तर लग्न मोडलं असतं," मी म्हणाले.

"बास. समजलं तुम्हाला."

फोटोतल्या नवरीचे केस मागच्या भिंतीपासून एकेक करून सुटे करायचे असतात. तिघी पोरी वैतागायच्या. मी मात्र त्यात रमले. लेकींच्या डोक्यातल्या उवा काढलेल्या बाईला ते काय अवघड! मॅडमनं माझं काम पडद्यावर मोठं करून तिघींना दाखवलं, तेव्हा मी संध्याकाळपर्यंत कुणाशी सरळ बोलले नाही, इतकी मला हवा चढली.

तिचं एक वाक्य होतं, "आधी बघा, मग हलवा." माझा हात डोळ्यांच्या पुढं पळायचा. काय दिसतंय ते न बघता मी माऊस हलवायची आणि नवरीची मान एकीकडं, हार दुसरीकडं. दिवसातून वीसदा टकटक व्हायची. "काकी, आधी बघा!"

दुपार कलली की ती जास्तच अस्वस्थ व्हायची. जैनांच्या घरची पोर, दिवस मावळायच्या आत घरी जेवण व्हायला हवं. गाव सांगलीपासून स्कूटीवर अर्ध्या तासावर. चार वाजले की एक डोळा आमच्या पडद्यावर आणि एक खिडकीतल्या उन्हावर. ऊन समोरच्या पाण्याच्या टाकीवरून सरकलं की हेल्मेट हातात. जिना उतरताना खालून ओरडायची, "सेव्ह केलं का?" आणि आम्ही चौघी कीर्तनातल्यासारख्या वरून म्हणायचो, "केऽऽलं!"

पण तिची खरी घाई उन्हाची नव्हती. एकदा जिन्यात मी विचारलं, "अगं पोरी, तुला नेमकं कुठं जायचंय?" ती पहिल्यांदा पायरीवर टेकेल असं वाटलं, पण नाही, कठड्यावर पेन वाजवत उभीच राहिली. तिला स्टायलिस्ट व्हायचं होतं. कुणाला काय शोभेल ते ठरवणारी. पुण्यातल्या एका स्टायलिस्टबाईंनी तिला मदतनीस म्हणून बोलावलंही होतं. पण पुण्याचं नाव काढलं की तिचे वडील, दादा, उठून मळ्यात निघून जायचे. शेवटी तडजोड झाली. साताऱ्याला आत्या राहते, तिथं दिवाळीपर्यंत नोकरी लागली तर ठीक, नाही तर पाहुणे बघायला येणार. आणि साताऱ्याचे एक साडीवाले शेठ तयार झाले होते. लग्नसराईची जाहिरात मॅडमनं करून द्यायची. ती पसंत पडली की दुकानात नवऱ्या मुलींना साडी-दागिने जुळवून द्यायला कायमची नेमणूक.

"जाहिरातीतल्या पोरीला साडी तुम्हीच नेसवायची, काकी," ती म्हणाली. मी काय, लगेच कमरेला पदर खोचला.

नऊवारी अशी बसली म्हणता! फोटोही सुरेख आला. मॅडमनं त्यावर तीन दिवस काम केलं. चौथ्या दिवशी चार वाजून गेले, ऊन टाकीवरून सरकलं, तिनं हेल्मेट उचललं. "काकी, तुमचं झालं की बंद करा. फाइल मी सकाळी एकदा बघते आणि मग छपाईला पाठवते." ती गेली. पोरी गेल्या. मी त्या फोटोसमोर एकटीच उरले, ओठांत पिन.

बघता बघता मला काहीतरी खटकायला लागलं. पदर भलत्याच हाताला वाटत होता. नथही. आता हे समजून घ्या. नऊवारीचा काष्टा मागून खोचायचा, म्हणून मी कायम नवरीच्या मागं उभी. शेवटची नजर टाकायची तीही मागूनच, तिच्या खांद्यावरून, समोरच्या आरशात. तीस वर्षं मी नवरी पाहिली ती आरशातली. तिथं पदर माझ्या डाव्या हाताला दिसतो; फोटोत तो उजव्या हाताला होता. लग्नाचे अल्बम शेकड्यांनी बघितले होते, पण त्यात मी कोण जाड झालंय ते बघायची. पदर माझ्याच हातचा, तो काय बघायचा?

मला वाटलं, पोरीकडून घाईत उलटं झालंय. बिचारीवर उपकार करू. मी फोटोचा लेयर निवडला आणि आडवा फिरवला. पदर डाव्या हाताला आला. अगदी आरशातल्यासारखा! दुकानाच्या नावाची अक्षरं तेवढी सरळ राहिली, कारण ती वेगळ्या लेयरवर होती, आणि हे आपल्याला कळतं याचा मला केवढा अभिमान! तेवढ्यात टेबलावरचा वर्गाचा फोन वाजला. फ्लेक्सवाला. "मॅडम, फाइल आत्ता आली तर सकाळी लागंल, न्हाईतर दोन दिस थांबाया लागंल." मॅडम! मला मॅडम म्हणाला! मी फाइल पाठवून दिली. सेव्हसुद्धा केली.

सकाळी फ्लेक्स लागला. दहा वाजता एक म्हातारी दुकानात शिरली आणि भर गिऱ्हाइकांत शेठना म्हणाली, "आवं, ही पोरगी कुणाची हाय? नथ उजवीकडं कोन घालतं? आन् पदर कुनीकडं घेतलाय? साडीच इकता न्हवं तुमी?" दुपारपर्यंत त्या फ्लेक्सचे फोटो जिल्हाभर फिरले.

शेठचा फोन त्याआधीच आला, मॅडमनं वर्ग उघडला तेवढ्यातच; मी तिच्या शेजारीच होते. पलीकडचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. मॅडमनं पडद्यावर फाइल उघडली, एकदा बघितली, एकदा माझ्याकडं बघितलं. पेन थांबलं.

"हो शेठ," ती म्हणाली. "चूक माझीच. माझ्या बघण्यातून सुटलं."

नोकरी गेली. मी बोलले नाही. ओठांत पिन होती म्हणून बोलता आलं नाही, असं मी स्वतःला आठ दिवस सांगत राहिले. आठ दिवसांत ती मला एका शब्दानं बोलली नाही, उलट नवीन धडा शिकवला. फक्त टकटक बंद होती. त्या शांततेत मला पडद्यावरचं काही सुचेना. गिरणीचा आवाज तेवढा पायांतून वर यायचा.

नवव्या दिवशी मी रिक्षा केली आणि तिच्या गावी गेले. दादा अंगणात बसले होते. मी चप्पलही न काढता सगळं सांगून टाकलं, आरशापासून फ्लेक्सपर्यंत.

त्यांनी शांतपणे ऐकलं. "आवं आक्का, नथ डावीकडं काय न् उजवीकडं काय, नाक एकच हाय न्हवं?"

"तुमच्या लेकीची नोकरी गेली त्या नाकापायी!"

मॅडम दारात उभी होती, चौकटीला टेकून. दादा तिच्याकडं वळून म्हणाले, "मग तू का सांगितलं न्हाईस?"

"दादा, शिकवणारी मी हाय. फाइल माझ्या वर्गातनं गेली."

दादांनी अंगणापलीकडच्या उसाकडं बघितलं. आतून जेवायची हाक आली, ऊन उतरत होतं, पण कुणी हललं नाही. मग ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "दुसऱ्याचं वजं उचलती आन् गप ऱ्हाती. सासरी बी हेच करंल. तिथं केलं तर आमाला कळायचं बी न्हाई." उठले, धोतर झटकलं. "जा पुण्याला. सहा म्हैने. तवर पाव्हण्यांना मी थोपवतो. आक्का, चला जेवाया, दिस बुडंल."

त्या दिवशी सूर्याकडं बघत मी चार भाकरी खाल्ल्या. लाज पोटात असली की भूक जास्त लागते, हे मला तेव्हा कळलं.

आज माझ्या लॅपटॉपवर नवऱ्या मुलींची पानं आहेत, आणि पुण्याच्या पोरींनाही मी पाठवते. पान पाठवण्याआधी खुर्चीवरून उठते, पडद्यासमोर उभी राहते आणि बघते. नात विचारते, "आजी, तुला बसवत नाही का गं?"

मॅडम पुण्याला निघाली त्या दिवशी आम्ही दोघी एकाच गाडीत होतो. माझं कोरेगाव वाटेतच लागतं. गाडी रिकामी होती, तरी सांगलीपासून ती डब्याच्या दारातच उभी, बोटं दांडीवर वाजत होती. टकटक परत आली होती. मला नोकरीबद्दल माफी मागायची होती, आणि तोंडातून निघाली भलतीच तक्रार. कोरेगावच्या फलाटावर उतरून मी म्हणाले, "तू चाललीस पोरी, वर्ग बंद झाला. आता माझं कसं व्हायचं? मी तर अजून अर्धवटच आहे."

मी पुन्हा पिन ओठांत धरली आणि गाडी हलली. ती दारातून वाकली आणि चाकांच्या आवाजावर ओरडून म्हणाली, "काकी, तीस वर्षं तुम्ही नवरीच्या मागं उभ्या राहिलात. आता पुढं येऊन उभ्या राहा. आणि पिन काढा तोंडातली, गिळाल!"