फोटोपुढं उभी राहिलेली शेजारीण

आमच्या कुंभारवाड्यातली माझी शेजारीण एका जागी टिकत नाही. चहासुद्धा ती अंगणात फेऱ्या मारत पिते, आणि निम्मं बोलणं पाठमोरीच बोलते.

शाळेत शहरातल्या कुणीतरी फोटोंचं प्रदर्शन मांडलं, तेव्हा आम्ही दोघी गेलो. धुक्याचे, पानांचे, एक वाघाचा, बाकी नुसत्या दगडांचे फोटो होते. दगडांचे फोटो काढायला शहरातून एवढ्या लांब कशाला यायचं, ते मला कळलं नाही. मग एका मोठ्या फोटोत हीच दिसली, डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन राखीव जंगलातून बाहेर पडताना. तिथून काडी आणली तरी गुन्हा. आणि नेमका तेव्हाच फॉरेस्टचा गार्ड दारातून आत आला.

ती फोटोला पाठ लावून उभी राहिली.

"आक्का, जरा सरका की. फोटो बघू द्या," गार्ड म्हणाला.

"पाय आखडलाय रे बाबा. तवर त्यो वाघाचा बघून ये जा."

"वाघ रोजच बघतोय."

"मग मलाच बघ!"

तो हसला, पण हलला नाही. ती काटकुळी, त्यामुळं मोळीची दोन्ही टोकं तिच्यामागून दिसत होती. मी अंगानं जाड. मी तिला खेटून उभी राहिले आणि त्याला सांगितलं, "माझा बी आखडलाय."