दमेकरी इंजिन

चंद्रकांत बार्शीचा. पाण्याशी त्याची ओळख बादलीपुरती, आणि उन्हाळ्यात तर तीही दिवसाआड. केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात बदल्या होत होत तो चंदीगडला पोचला, सेक्टरातलं सरकारी घर मिळालं, लेक शिकायला पुण्याला गेली, आणि त्याच्या बायकोने पन्नाशीच्या उंबरठ्यावर सुखना तलावावर होडी चालवायची नोकरी धरली. कचेरीत कुणी 'मिसेस क्या करती हैं?' असं विचारलं की तो आधी चहाचा घोट घ्यायचा आणि मग सांगायचा.

शोभना दाभोळच्या खाडीकाठची. तिचे वडील माणसांना या काठावरून त्या काठावर पोचवायचे; आधी वल्ह्यांनी, नंतर होडीच्या मागे लावलेल्या इंजिनाने. परकराच्या वयापासून ती त्या होडीत होती. चंदीगडला आल्यावर ती सकाळी तलावावर फिरायला जायची. तिथे रोइंग करणाऱ्या मुली दिसायच्या आणि त्यांच्या मागून जाणारी कोचची इंजिनाची होडी. ती चालवणारा गडी होडी धक्क्याला अशी आपटायचा की शोभनाला बघवेना. एक दिवस तिने कोच ढिल्लोंना आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत सुनावलं. ढिल्लों हसले आणि म्हणाले, "तो आप चला के दिखाओ, जी." तिने साडीचा पदर खोचला, होडी फिरवून आणली आणि धक्क्याला अशी टेकवली की काठावरच्या बदकानेही मान वळवली नाही. ढिल्लोंनी तिला दुसऱ्या दिवसापासूनच बोलावलं.

काम दिसायला सोपं. रोइंगच्या बोटी म्हणजे नुसत्या लांबलचक शेंगा. उलटायला त्यांना निमित्त लागत नाही. उन्हाळ्यात उलटली तर मुली हसत पोहत येतात. हिवाळ्यात मात्र सुखन्याचं पाणी हाडात शिरतं, आणि पोहता येणारी मुलगीही थोड्या वेळात हातपाय हलवायची थांबते. म्हणून मागची होडी वेळेत पोचली पाहिजे. मुलींच्या आया धक्क्यावर काळजीने उभ्या राहिल्या की शोभना त्यांना म्हणायची, "मैं हूँ ना पीछे." आणि त्या खरंच घरी जायच्या.

नेमकं डिसेंबरच्या तोंडावर इंजिनाला काहीतरी झालं. जुनी पत्र्याची टाकी गळायला लागली म्हणून क्लबाने लाल प्लॅस्टिकची नवी टाकी आणली, सगळ्यांनी तिचं कौतुक केलं, आणि त्याच आठवड्यात दुखणं सुरू झालं. एका दोरीत इंजिन लागायचं. तलावाच्या मध्यापर्यंत झकास पळायचं. मग त्याचा आवाज चढायचा, उतरायचा, परत चढायचा, आणि शेवटी मूठ कितीही पिळली तरी दमेकऱ्यासारखं खाली बसत बसत बंदच पडायचं. शोभना टाकीचं झाकण उघडून बघायची. पेट्रोल भरपूर. झाकण लावून दोरी ओढली की इंजिन पुन्हा ठणठणीत, जणू मघाशी नाटक करत होतं.

मग घरात इंजिनाचा संसार आला. गॅलरीत वर्तमानपत्रावर कार्बोरेटर उघडून पडला, प्लग दोनदा बदलले, आणि फोडणीला पेट्रोलचा वास यायला लागला. चंद्रकांत नाक दाबून जेवायचा. जवळच्या मनीमाजऱ्याच्या मेकॅनिकने इंजिन दुकानात नेलं, पाण्याच्या पिंपात बुडवून स्वतःच्या टाकीवर तासभर पळवलं आणि परत आणून दिलं. "बहनजी, घोडा है घोडा!" तलावावर आणलं की घोडा पुन्हा मध्यावर बसला.

शेवटी ढिल्लों म्हणाले, "शोभनाजी, और एक बार बंद हुआ तो मैं सर्दी की प्रॅक्टिस बंद कर दूँगा. किसी की बच्ची पानी में हो और हम रास्ते में रुके हों, यह मुझसे नहीं होगा." त्यांचं चुकत नव्हतं. पण उन्हाळ्यात संघाची निवड होती, आणि हिवाळा बुडाला की त्या पोरींची वर्षभराची मेहनत वाया. शोभनाला जेवण जाईना.

रविवारी पहाटे तिने चंद्रकांतला उठवलं. "अहो, आज तुम्ही चला माझ्याबरोबर."

"मी? पाण्यावर?"

"पाण्यावर नाही, होडीत. टाकीपासून इंजिनाकडे जी नळी जाते ना, तिच्यावर एक रबरी फुगा असतो. इंजिन बसायला लागलं की तो दाबत राहायचं. तेवढ्याने ते सावरलं तर दोष पेट्रोलच्या वाटेत आहे, एवढं तरी कळेल."

चंद्रकांत आला. त्याने एक लाइफ जॅकेट घातलं आणि दुसरं मांडीवर घेतलं. शोभनाने बघितलं, पण त्या सकाळी चेष्टा करायचं तिच्या मनात नव्हतं.

धुकं विरळ होतं. मुली पुढे निघाल्या, मागून ही दोघं. पाण्यावर इतकी शांतता होती की वल्ही उचलली की त्यांवरून गळणारे थेंब ऐकू यायचे. बायको रोज एवढ्या पहाटे कुठे जाते ते चंद्रकांत पहिल्यांदाच बघत होता. मागे मूठ धरून बसलेली ही बाई घरात गॅसचा लायटर शोधणाऱ्या बाईपेक्षा वेगळीच दिसत होती. मान ताठ, डोळे सगळ्या मुलींवर एकाच वेळी.

तेवढ्यात पलीकडच्या जंगलाच्या बाजूला एक वल्हं वर उभं राहिलं आणि पडलं. मुलींपैकी हरनूरची बोट उलटली होती.

शोभनाने मूठ पिळली. होडीने नाक उचललं, पाणी दुभंगलं, आणि बरंच अंतर बाकी असतानाच इंजिनाचा आवाज चढला, उतरला, परत चढला.

"दाबा!" शोभना ओरडली.

चंद्रकांत जिवाच्या आकांताने फुगा दाबू लागला. इंजिन क्षणभर सावरलं. मग पुन्हा खाली बसायला लागलं. "अगं, हा वर येतच नाहीये! चपटाच राहतोय!"

शोभनाने खाली बघितलं. फुगा त्याच्या मुठीत चामड्यासारखा चिकटून बसला होता. तिची नजर नळीवरून टाकीवर गेली. नव्या लाल टाकीची दोन्ही पोटं आत ओढली गेली होती, बाहेरून कुणीतरी दोन्ही तळव्यांनी दाबून धरल्यासारखी. बाहेर तर कुणीच नव्हतं, नुसती हवा होती. पेट्रोल बाहेर ओढलं जात होतं आणि त्याच्या जागी आत जायला हवेला वाटच नव्हती.

तिने झपकन वाकून झाकणावरचा हवेचा छोटा स्क्रू फिरवला. सुस्स असा आवाज झाला, आणि टाकी ढब्कन फुगून पूर्ववत झाली. चंद्रकांत दचकून मागे सरला. फुगा त्याच्या हातात भरून आला आणि इंजिन अशा काही जोराने गरजलं की त्याने कड घट्ट धरली. एवढासा स्क्रू, आणि न दिसणाऱ्या हवेचं एवढं बळ! बार्शीच्या शाळेत हवेचा दाब त्याने पाठ केला होता, पण पाहिला आज.

"कुठल्या मेल्याने बंद केला हा?" शोभना दात खाऊन म्हणाली. "पेट्रोल भरणाऱ्याला आज बघतेच."

हरनूर उलटलेल्या बोटीला मिठी मारून होती. ओठ निळे, पण बोट सोडली नव्हती. शोभनाने होडी वळवून हळूच बाजूला आणली, पंखा लागू नये म्हणून इंजिन बंद केलं आणि कडेवर झुकली. "पकड बेटा, मुझे पकड." दोघांनी मिळून तिला आत ओढलं. चंद्रकांतने आपल्या अंगावरचं जॅकेट, स्वेटर, मफलर सगळं तिच्यावर घातलं. पाण्याच्या मध्यभागी आपण पातळ सदऱ्यावर बसलो आहोत हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

ध्यानात होतं ते वेगळंच. इंजिन बंद करताना शोभनाचे डोळे पोरीवर होते, आणि त्याच क्षणी तिचा उजवा हात खाली गेला होता, झाकणावरचा स्क्रू त्या हाताने चिमटीत धरून बंद केला होता, आणि तो परत वर आला होता. तिला पत्ताही नव्हता.

शोभनाने दोरीला हात घातला. चंद्रकांत म्हणाला, "थांब. स्क्रू बंद आहे."

"आत्ता तर उघडला मी."

"तूच बंद केलास. आत्ता, इंजिन बंद करताना. माझ्यासमोर."

ती चिडून काहीतरी बोलणार होती. मग तिने स्क्रूकडे बघितलं, आणि आपल्या हाताकडे.

"जुन्या टाकीला स्क्रूच नव्हता," ती हळू म्हणाली. "कधीचा पडलेला. म्हणून इतके दिवस काही झालं नाही. खाडीत लाटेचं पाणी उडतं. खारं पाणी टाकीत जायला नको म्हणून होडी थांबली की तो बंद करायचा. ते माझं काम होतं. एवढीशी होते, तेव्हापासून."

"आणि उघडायचं?"

शोभनाने त्याच्याकडे बघितलं. "उघडायचे बाबा. इंजिन चालू करणं त्यांचं. मला कधी उघडावाच लागला नाही."

बाबा गेले तेव्हा ही दोघं इथेच होती. विमान, रेल्वे, मग एसटी करून पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. शोभना तेव्हा रडली नव्हती; आलेल्यांना चहा करत राहिली होती. हा हात गेले कित्येक दिवस रोज आपलं अर्धं काम चोख करत होता आणि उरलेलं अर्धं करणाऱ्याची वाट बघत होता.

"आंटीजी, चलो ना," हरनूर कुडकुडत म्हणाली.

चंद्रकांतने स्क्रूकडे हात नेला.

"राहू द्या," शोभना म्हणाली. "ढिल्लोंसरांनाही मीच सांगते, की दोष इंजिनाचा नव्हता. माझा होता."

तिने स्क्रू चिमटीत धरला, थोडी थांबली आणि उघडला. मग दोरी ओढली. इंजिन लागलं, आणि धक्का येईपर्यंत त्याचा आवाज एकदाही खाली बसला नाही. शोभना सगळ्या वाटेने रडत होती आणि होडी सरळ चालली होती.