मूठभर मैदा

शिंपीणबाईंच्या सात वर्षांच्या लेकीला गव्हाचा कणही चालत नसे. तो पोटात गेला की आतडी सुजतात, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून बाई तिच्यासाठी तांदूळ आणि मक्याच्या पिठाचा केक वेगळ्या भांड्यात भाजत. त्याच घरात राहणाऱ्या मोठ्या जाऊबाईंना ही सगळी थेरं वाटत.

एका रविवारी केक खाल्ला आणि पोर दुपारभर ओकत राहिली. जाऊबाई दारात उभ्या होत्या.

"मीच मूठभर मैदा मिसळला होता तुझ्या पिठात," त्या म्हणाल्या. "म्हटलं, बघू तरी, खरंच काही होतं का नुसते लाड आहेत."

"बघितलंत ना? मग आता पुसा," म्हणत बाईंनी त्यांच्या हातात फडकं कोंबलं. त्यांनी ते खाली टाकलं.

"जाऊ दे गं, मोठी आहे ती," बाईंचा नवरा पुटपुटला.

बाईंनी ओव्हन उचलला आणि आपल्या शिवणकामाच्या दुकानात नेऊन शिलाई मशीनशेजारी मांडला. घर एकच राहिलं, पण बोलणं कायमचं तुटलं.

वर्षभरानं जाऊबाई तांदळाच्या पिठाचं सीलबंद पाकीट घेऊन दुकानात आल्या. बाईंनी मशीन थांबवलं नाही. लेकीनंच मान वर केली.

"काकू, तुझ्या हातचं नको."