ज्या उन्हाळ्यात नारू आला नाही

लग्न होऊन मी नागपूरच्या पूर्वेकडच्या विणकरांच्या वस्तीत आले, तेव्हा स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली असतील. शहराचा नळ आमच्या अलीकडेच थांबला होता. वस्ती पाणी प्यायची ती बावडीचं. रुंद पायऱ्यांची, दगडी बांधणीची विहीर. बायका घागर घेऊन खाली उतरायच्या, गुडघाभर पाण्यात उभ्या राहायच्या, पाय चोळायच्या आणि तिथलंच पाणी भरून वर यायच्या. मीही तेच करू लागले. पाणी थंड आणि चवीला गोड होतं.

माझं माहेर उमरेडचं, तिथलेही आम्ही विणकरच. पण नारू म्हणजे काय ते मला तिथे माहीत नव्हतं. सासरी आले आणि पहिल्याच उन्हाळ्यात पाहिलं. माझ्या नवऱ्याच्या घोट्याजवळ फोड आला, आग आग झाली, आणि फोड फुटून त्यातून पांढऱ्या सुतासारखं काहीतरी डोकावू लागलं. सासूबाईंनी शांतपणे एक काडी घेतली, त्या जंताचं टोक काडीला गुंडाळलं आणि वर पट्टी बांधली. रोज थोडं थोडं गुंडाळायचं. ओढलं आणि तुटलं तर पाय सुजून माणूस महिनोन् महिने अंथरुणावर.

"दर साली येते," सासूबाई म्हणाल्या. त्यांना आम्ही मामीजी म्हणत असू. "उन्हाळा आला का नारू आला. याच्या बापाले बी येत होता."

विणकराचं सगळं पायावर असतं हे बाहेरच्याला चटकन कळत नाही. आमचा माग खड्ड्याचा. विणणारा खड्ड्याच्या काठावर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो आणि पायानं पावड्या दाबतो. एक पाय गेला की माग बंद. आणि नारू यायचा तो नेमका लग्नसराईत, लुगड्यांची मागणी सगळ्यात जास्त असते तेव्हा. वस्तीतून हिंडलं की अर्ध्या घरांतून मागाचा खटखट आवाज यायचा आणि अर्धी घरं गप्प असायची. गप्प घरात कोणीतरी पाय लांब करून पडलेलं असायचं.

त्याच वैशाखात एक डॉक्टरीणबाई वस्तीत आली. सरकारी आरोग्यखात्याची, तिशीच्या आतली, पांढरं सुती पातळ नेसलेली. तिची मराठी पुस्तकातल्यासारखी होती, त्यामुळे बायका आधी तोंडाला पदर लावून हसल्या. ती घरोघर फिरून नारूचे पाय बघत होती. आमच्याकडे आली तेव्हा तिनं मला विचारलं, "माहेर कुठलं?"

"उमरेड."

"तिथे नारू होता?"

"नाही."

"पाणी कशाचं प्यायचात?"

"विहिरीचं."

"पायऱ्या होत्या?"

"नाही, कप्पी होती. दोरानं ओढायचो."

तिनं मान हलवली, जणू मी परीक्षेत बरोबर उत्तर दिलं होतं. मग म्हणाली, "उद्या सकाळी बावडीवर या. सगळ्यांना घेऊन या."

दुसऱ्या दिवशी ती एक लाकडी पेटी घेऊन आली. पेटीत सूक्ष्मदर्शक होता. बावडीच्या वरच्या पायरीवर उन्हात तिनं तो मांडला. आधी एका काचेच्या पेल्यात बावडीचं पाणी घेऊन ते उजेडाकडे धरलं. पाण्यात पांढरे ठिपके होते, आणि ते ठिपके उड्या मारत होते. मग त्यातला एक थेंब तिनं काचेवर घेतला आणि म्हणाली, "बघा."

वस्तीचे पंच सगळ्यांत आधी पुढे झाले. पांढऱ्या मिश्यांचे, कडक, मांस-मच्छीला आयुष्यात न शिवलेले. वस्तीतल्या आम्ही सुना त्यांना मामाजी म्हणत असू. त्यांनी एक डोळा मिटून दुसरा भिंगाला लावला आणि बराच वेळ उठलेच नाहीत.

"हे काय हाये?"

"पाण्यातला किडा. ज्याच्या पायाला नारू आहे तो पाण्यात उतरला की नारू आपली पिल्लं पाण्यात सोडतो. हा किडा ती गिळतो. तुम्ही हा किडा पिता. पुढच्या वर्षी नारू तुमच्या पायातून बाहेर येतो."

"मी हे पेतो?" पंच भिंगापासून मागे सरले. "जिता जीव?"

मामीजींनी पाहिलं आणि पदर तोंडाला लावून त्या सरळ बाभळीच्या झाडाकडे गेल्या. परत आल्या तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज खणखणीत होता. "इतके वर्षं हेच पेली मी. माह्या हातानं भरून पोरालेबी पाजलं. आता सांगा बाई, काय करायचं?"

करायचं ते साधं होतं. पाणी घट्ट विणीच्या कापडातून गाळून प्यायचं, आणि नारूच्या पायानं पाण्यात उतरायचं नाही. पुढेमागे पायऱ्या बंद करून दोरानं पाणी ओढायचं. कोणीतरी म्हणालं, "गाळतोच तं आम्ही." डॉक्टरीणबाईनं त्यांच्या घरातलं गाळणं मागवलं. जुन्या लुगड्याचा दुहेरी तुकडा होता, धुऊन धुऊन विरलेला. तिनं त्यातून पाणी गाळलं, पेला उजेडाकडे धरला. एक ठिपका उड्या मारत खाली गेला.

तेव्हा मी बोलले. नवी सून, सगळ्या वस्तीसमोर, डोक्यावरचा पदर सावरत. "नवं कापड विणलं तं? दाट?"

"विणा," ती म्हणाली. "मी तपासून देते."

घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं. तो खाटेवर पाय उंच करून पडला होता. मागावर बारीक सुताचा ताणा, म्हणजे उभे धागे, अजून थोडा शिल्लक होता, शेवटचं लुगडं काढून झाल्यावर उरलेला. पण विणणार कोण? आमच्याकडे बायका कांड्या भरत, सूत उकलत, ताण्याला खळ लावत. खड्ड्यात बसत नसत.

"तू बस," नवरा म्हणाला.

मी मामीजींकडे पाहिलं. त्या चुलीपुढून म्हणाल्या, "बस वं. माह्याकडे काय पाहून राहिली? कापड पायजे का नाही?"

मी खड्ड्यात पाय सोडले. आडव्या धाग्याचा धोटा पहिल्यांदा फेकला तो ताण्यातून न जाता कोपऱ्यातल्या घागरीवर आदळला. नवरा खाटेवरून हसत हसत सांगत होता, "पावडी पूर्ण दाब, मग फेक. आता फणी ठोक. दोनदा ठोक. आणखी एकदा. पाणी बी आत शिरायले इचार करन, इतकं दाट कर." दुपारपर्यंत माझे खांदे भरून आले, पण हातभर कापड झालं. त्याच्यातून उजेड दिसत होता, भोक दिसत नव्हतं.

डॉक्टरीणबाई आठवड्यानं आली. त्या कापडातून तिनं बावडीचं पाणी गाळलं. पेला पाहिला. सूक्ष्मदर्शकात थेंब पाहिला, दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. मग कापड उलटं करून वरच्या बाजूचा गाळ पाहिला आणि मला बोलावलं. तिथे ते सगळे होते. अडकलेले, एकही सुटला नव्हता.

"हे कापड प्रत्येक घरात पाहिजे," ती म्हणाली. आणि जाता जाता एक गोष्ट तिनं तीनदा बजावली. "पुढच्या उन्हाळ्यातही नारू येईल. घाबरू नका. तो या उन्हाळ्यात पोटात गेलेला असेल. त्याच्या पुढचा उन्हाळा बघा."

पाऊस सुरू व्हायच्या आत वस्तीतल्या चालू मागांवर लुगड्यांच्या शेवटी हातभर जास्त कापड निघू लागलं. घरोघरी घागरीच्या तोंडावर नवं कोरं गाळणं बांधलेलं दिसू लागलं. मामीजी कोणाच्याही घरी गेल्या की आधी घागर पाहायच्या.

वर्ष गेलं. चैत्र आला, आणि माझ्याच टाचेवर फोड आला.

मला माहीत होतं काय ते. तरी फोड फुटला तेव्हा मी रडले. दुखत होतं म्हणून, आणि लाज वाटली म्हणूनही. वस्तीत मीच तर सगळ्यांना गाळायला सांगत फिरत होते. आणखी काही घरांतही नारू आला. पंचांच्या पायाला तर दोन आले. ते काठी टेकत आमच्या दारात आले आणि गाळण्याचं कापड त्यांनी अंगणात फेकलं.

"तू तं सगळ्यांत जास्त गाळलं. मंग तुले काहून झाला?"

मी पाय लांब करून बसले होते. काडी पट्टीखाली होती. "हे मागच्या सालचं पाणी हाये, मामाजी. बाईनं सांगतलं होतं. तीनदा सांगतलं."

"बाई काय बी सांगते."

"तुम्ही सोताच्या डोळ्यानं पायलं होतं नं? तो किडा होता का नव्हता?"

मी धीर करून पुढे बोलले, "आता आपल्या पायात हाये. आपण बावडीत उतरलो तं पुन्हा पाण्यात जाईन. नाही उतरलो तं इथंच मरन. आपल्याच पायावर हाये सारं."

ते पाठ फिरवून निघून गेले. पण कापड अंगणातच राहिलं, आणि मामीजींनी ते उचलून धुऊन वाळत घातलं.

दुसऱ्या दिवसापासून मामीजींनी जे सुरू केलं ते आजही डोळ्यांसमोर आहे. सकाळी भाकरी बांधून त्या बावडीच्या तोंडाशी जाऊन बसल्या, हातात तुरीची काडी. "पाय दाखव." ज्याचे पाय नीट, तो खाली जाईल. ज्याच्या पायाला पट्टी, त्यानं घागर वर ठेवायची; खाली जाणारीनं ती भरून आणायची. म्हातारी, तरणी, पुरुष, बाई, सगळ्यांचे पाय त्या पाहत. एका पोरीनं पट्टी काढून लपवली होती, तिला त्यांनी लंगडण्यावरून ओळखलं.

पंच आले. काठी टेकत, रागानं.

"भाऊजी, पाय दाखवा."

"माह्या पायाचं काय पाहून राहिली वं? मी जलमापासून उतरतो इथं!"

"आता नाही उतरायचं," मामीजी म्हणाल्या आणि काडी आडवी धरली. "तुमची घागर मी भरते. माहे पाय बरे हायेत."

बायका जागच्या जागी थबकल्या. मग पंचांनी घागर पायरीवर ठेवली. मामीजी, त्यांच्यापेक्षा थोड्याच लहान, खाली उतरल्या, घागर भरली, वर आल्या आणि त्यांच्या देखत नव्या कापडातून गाळून ओतली. पंचांनी घागर खांद्यावर घेतली. दुसऱ्या दिवशी ते न सांगता बावडीच्या तोंडाशी मामीजींच्या शेजारी येऊन बसले आणि पुरुषांचे पाय पाहू लागले.

सगळा उन्हाळा ती दोघं तिथे बसली. कोणी रागावलं, कोणी हसलं, पण पट्टीचा एकही पाय पाण्यात गेला नाही.

मग पावसाळा, हिवाळा, आणि पुन्हा चैत्र. जो तो आपला पाय चाचपून पाहत होता. सकाळी उठलं की नवरा घोटे दाबून बघायचा. चैत्र संपला. वैशाख लागला. अक्षय तृतीयेच्या आसपास वस्तीत पंचांच्या नातीचं लग्न होतं. वस्तीतला एकही माग बंद नव्हता. सकाळी मी पाणी भरायला निघाले की दोन्ही बाजूंनी खटखट, खटखट, एका घराचा आवाज संपायच्या आत दुसऱ्याचा सुरू. नवरा सबंध लग्नसराई खड्ड्यातून उठला तो जेवायला आणि झोपायला. नवरीचं लुगडं आमच्या मागावरचं होतं, लाल, रुंद काठांचं.

वरात आली तेव्हा बॅंड पुढे होता. वरातीला सामोरे गेलेले पंच तिच्यापुढे चालत येत होते, काठीशिवाय. कोणीतरी ओरडलं, "मामाजी, पाय दुखन!" ते वळले, दोन्ही पाय जमिनीवर आपटून दाखवले, आणि मग बॅंडच्या तालावर चक्क नाचले. म्हातारा माणूस, मिश्या हलवत, हात वर करून. बायका हसता हसता रडत होत्या. मामीजी माझ्या खांद्याला धरून उभ्या होत्या आणि पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होत्या, "पाय वं, पाय. नाचून राहिला."

लग्नानंतर पाचव्या दिवशी पंचांनी वस्ती गोळा केली. "पाऊस यायच्या आत पायऱ्या बुजवायच्या. कोणाले काही बोलायचं असन तं आताच बोला." पुरुषांनी दगड वाहिले, बायकांनी चुना कालवला. बावडीभोवती कमरेएवढी भिंत उभी राहिली, वर लाकडी चौकट आणि लोखंडी कप्पी. पहिली बादली कोणी ओढायची यावर थोडा वाद झाला, शेवटी सगळ्यांनी दोर मामीजींच्या हाती दिला. त्यांना ती जड गेली, म्हणून पंचांनी मागून दोर धरला. बादली वर आली, भिंतीला आपटली, अर्धं पाणी सांडलं, आणि जो गलका झाला तो पलीकडच्या रस्त्यावरच्या टांगेवाल्यानं टांगा थांबवून ऐकला.

पाऊस लागायच्या आधी डॉक्टरीणबाई आली. नोंदवही घेऊन ती घरोघर विचारत होती, नारू आहे का. पहिल्या घरात नाही. दुसऱ्या घरात नाही. ती प्रत्येक ठिकाणी थांबून पाय स्वतः पाहत होती, कारण तिचाच विश्वास बसत नव्हता. आमच्या घराशी पोचेपर्यंत तिला हसू आवरेना. तरी तिनं विचारलं, "मामीजी, नारू?"

मामीजींनी चुलीवर भांडं ठेवलं. "नारू इथं भेटत नाही, बाई. बसा. चहा भेटन."