शमूने पुढे सरकवलेलं तबक

हे सांगायचं मी चौदा वर्षं टाळलं. पाच आठवड्यांपूर्वी शमुवेल गेला. आमच्या बोरिवलीच्या मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, त्याची स्मरणसभा झाली, तेव्हा नव्या पाळकांनी जुन्या इतिवृत्तातून वाचून दाखवलं, "प्रकृतीच्या कारणास्तव शमुवेलभाऊंनी गायनसेवा स्वतःहून सोडली." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. त्या वाक्याचं अक्षर माझं आहे, आणि ते वाक्य खोटं आहे.

शमू आणि मी एकाच वर्षी बोरिवलीत राहायला आलो, तेव्हापासूनची मैत्री. तो मुलुंडच्या एका कारखान्यात फिटर, मी विमा कचेरीत कारकून. रविवारच्या उपासनेत गाणी तोच सुरू करायचा. पेटीवाला सूर शोधेपर्यंत याचं पहिलं कडवं संपलेलं असायचं. "मन्या, तू नुसते ओठ हलव, आवाज मी पुरवतो," असं मला चारचौघांत म्हणायचा. संकटं त्याला कमी आली नाहीत. कारखाना बंद पडला, पन्नाशी उलटलेल्या फिटरला कोणी विचारेना, त्यात सुशीलावहिनींच्या हृदयाची झडप निकामी होत चाललेली. तरी हा रविवारी उभा राहून साक्ष द्यायचा, म्हणजे आठवडाभरात देवाने काय काय दिलं ते मंडळीसमोर सांगायचा, आणि हसायचा. मला ते हसणं खरं वाटत नसे. एवढं ओझं असलेला माणूस एवढा हलका कसा? मी स्वतः एक बढती हुकली म्हणून वर्षभर देवाशी बोललो नव्हतो. तेव्हा शमू काहीतरी लपवतोय, हे मी धरूनच चाललो होतो. काय, ते सापडायचं बाकी होतं.

मग सापडू लागलं. चौदा वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात त्याने गाणं थांबवलं. घसा बसलाय म्हणाला. भर मे महिन्यात गळ्याला रुमाल. "काय रे, हिमालयात निघालास की काय?" मी विचारलं. "फॅशन आहे यार, तुला नाही कळायची." आणि मग ती गोष्ट घडली. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं. आम्ही पंच, म्हणजे मंडळीचे निवडलेले कारभारी, भाकरीच्या तुकड्यांचं तबक आणि द्राक्षरसाचे छोटे पेले घेऊन रांगांतून फिरतो. मनात कबूल न केलेलं पाप असेल त्याने ते घेऊ नये, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. शमूने माझ्या हातून तबक घेतलं आणि तसंच शेजारच्याकडे सरकवलं. पेलाही घेतला नाही. पुढच्या महिन्यात तेच. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच... मान खाली.

घाटकोपरला माझी बहीण राहते. एका दुपारी तिच्याकडे जाताना शमू दिसला, एका बाईबरोबर रिक्षातून उतरताना. तिच्याही गळ्याला रुमाल. दोघं एका इमारतीत शिरली. मी समोरच्या रसवंतीत दीड तास बसलो, उसाचा रस दोनदा मागवला. बाहेर आला तेव्हा शमू हसत होता. पुढच्या मंगळवारी मी बहिणीचं निमित्त काढून पुन्हा गेलो. पुन्हा तीच दोघं.

तेव्हाच्या पाळकांना मीच सांगितलं. पंचांच्या बैठकीत शमूला बोलावलं. मी चिटणीस, कोपऱ्यात इतिवृत्त लिहीत बसलेलो. "तू घाटकोपरला एका बाईकडे जातोस, असं मंडळीतून कानावर आलंय," पाळक म्हणाले.

"कोणाला दिसलो मी?" शमूचा आवाज खरखरीत येत होता.

मी लिहीत राहिलो, लिहिण्यासारखं काही नसताना.

"बरं, भाकर का घेत नाहीस, तेवढं तरी सांग," पाळक म्हणाले.

"सांगेन. सुशीलाचं ऑपरेशन होऊ द्या. तोवर विचारू नका ना."

बायकोच्या आड लपतोय, असं मी शेजारच्या पंचाच्या कानात म्हणालो. शमूला गायनसेवेतून काढलं.

दोन महिन्यांनी वहिनींची झडप बदलली. त्या सावरल्यावर एका रविवारी शमू साक्षीला उभा राहिला. त्याला घशाचा कॅन्सर होता. रेडिएशनने गळ्याची कातडी भाजली होती, म्हणून रुमाल; वहिनींच्या हृदयाला धक्का नको म्हणून घरी नागीण झाल्याचं सांगितलेलं. सुका घास गळ्याखाली उतरत नव्हता, द्राक्षरस आगीसारखा झोंबायचा. आणि एवढ्यानेही भागलं नव्हतं, आता स्वरयंत्रच काढायचं होतं. घाटकोपरची ती बाई हेच ऑपरेशन होऊन पुन्हा बोलायला शिकलेली होती, तिथल्या एका खोलीत इतरांना शिकवायची. "पुढच्या आठवड्यात आवाज जाणार," शमू म्हणाला, "तर आज एक गाणं म्हणू द्या." तो गायला. फाटक्या आवाजात, बेसूर. मंडळी रडत होती. मी मात्र बघत होतो, तो माझ्याकडे बघतोय का... त्याने बघितलं नाही. त्याच संध्याकाळी मी इतिवृत्तातलं त्या बैठकीचं पान फाडलं आणि स्मरणसभेत वाचलं गेलेलं वाक्य नव्या पानावर लिहिलं.

ऑपरेशननंतर भेटायला गेलो तर त्याने पाटीवर लिहिलं, "देवाला माझा आवाज पाठ आहे. परीक्षा तुमची आहे." वर्षभरात गळ्याच्या छिद्रावर बोट दाबून तो बोलू लागला आणि मग घाटकोपरच्या त्याच खोलीत पुढची बारा वर्षं शिकवायला जात राहिला. एकदा मला ओढून घेऊन गेला. खारदांड्याची एक कोळीण समोर बसली होती, मासे विकायला आवाजच उरला नाही म्हणून खचलेली. शमू तिला म्हणाला, "बाई, प्रार्थना नंतर. आधी एक शिवी हासडा. शिवी लवकर निघते." ती आवाजाशिवाय पोट धरून हसली, आणि हसता हसता तिच्या गळ्यातून अर्धी शिवी निघालीही. आपलं दुःख या माणसाने दुसऱ्यांच्या कामाला लावलं होतं, हे मला तिथे दिसलं. तरी माझा संशय सुटला नाही. त्याला सगळं ठाऊक आहे आणि न बोलून तो मला शिक्षा देतोय, असं मी धरून बसलो. त्याच्या प्रत्येक "ये रे मन्या"मध्ये मी काटा शोधत राहिलो. कधी सापडला नाही.

या वर्षी आजार फुप्फुसात उतरला. तो गेला त्याच्या चार दिवस आधी पाळक आणि मी प्रभुभोजन घेऊन घरी गेलो. भाकरीचा तुकडा रसात भिजवून मी चमच्याने त्याला भरवला. त्याने सावकाश गिळला. पाळक वहिनींशी बोलायला आत गेले. खोलीत आम्ही दोघंच.

"शमू, त्या बैठकीत..." मी सुरुवात केली.

त्याने बोट उचलून गळ्यावर ठेवलं. "बोल, मन्या."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो वाट बघत होता. घाई नव्हती त्याला.

"उकडतंय का रे? पंखा वाढवू?"

त्याने बोट गळ्यावरून काढलं नव्हतं. "वाढव," तो म्हणाला.

मी उठलो, पंखा पाचवर केला आणि त्याच्याकडे पाठ करून बटणापाशीच उभा राहिलो. वाक्य मी येताना जिन्यात घोकून आलो होतो, काही फार मोठं नव्हतं. शमू, तुला मी पाहिलं होतं, मीच सांगितलं, मला माफ कर.