कोल्हापूरला न पोचलेले मास्तर

आमच्या मास्तरांना बसणं जमत नसे. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. आमच्याकडे एसटीच्या कंडक्टरला मास्तर म्हणतात, आणि माझे धाकटे चुलते नारायणगाव डेपोला चौतीस वर्षं कंडक्टर होते. त्यांना काका असं कुणी म्हटलंच नाही. मीही मास्तर म्हणायची आणि त्यांची सख्खी मुलगी रोहिणीसुद्धा. कळंबला आमची दोन घरं शेजारी शेजारी. त्यांच्या ओट्यावर चांगल्या तीन खुर्च्या होत्या. पण मास्तर खांबाला पाठ टेकून, पाय फाकवून, एक गुडघा किंचित वाकवून उभे. चहा उभ्यानं, पेपर उभ्यानं, भावकीतली भांडणंही उभ्यानंच. गोष्ट सांगताना घाटाचं वळण आलं की अंग त्या बाजूला झुकायचं. "बसा की मास्तर," म्हटलं तर म्हणायचे, "मागं कोण उभं आसंल त्याला बसवा आधी." मागे कुणी नसायचं. भिंत असायची.

माणसांची गर्दी दिसली की ती त्यांना गाडीतलीच वाटायची. रोहिणीच्या लग्नात कार्यालयाच्या दारात लोक दाटले होते. मंगलाष्टकं चाललेली, वधूपिता कुठे दिसेना. तेवढ्यात दाराकडून खणखणीत आवाज आला, "आत सरका, आत लई जागा हाये! दरवाज्यात थांबू नका, पुढं सरका!" त्या आवाजात असा काही अधिकार होता की अख्खं कार्यालय पाऊलभर पुढे सरकलं. नवरदेवही सरकला, आणि त्याचं नाक अंतरपाटात शिरलं. व्याही बरेच दिवस या गोष्टीवरून घुश्शात होते. मास्तरांना त्यात काही वावगं वाटलं नाही. "मागच्या पंचवीस माणसांना अक्षता टाकता आल्या का न्हाई?" एवढंच ते विचारायचे.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "दारातनं आत आला की माणूस आपला. मंग तो कोण का आसंना." एकदा ऊसतोडीच्या हंगामात एक बाई लेकराला घेऊन गाडीत झोपली, तिचं उतरायचं पारगाव मागे राहिलं आणि ती थेट डेपोत येऊन जागी झाली. मास्तरांची ड्यूटी संपली होती. तरी ते तिला माणसं भरून नेणाऱ्या वडापच्या जीपनं परत सोडायला निघाले. आत जागा असूनही स्वतः मागच्या पायरीवर उभे. सवयीनं ते दर फाट्याला टपावर थाप मारत आणि जीपवाला सवयीनं दर फाट्याला थांबे. कुणी चढायचं नव्हतं, कुणी उतरायचं नव्हतं. चौथ्या फाट्यावर जीपवाला खाली उतरून म्हणाला, "मास्तर, तुमी गाडी चालवा, मी मागं उभा राहतो." पण बाई तिच्या पाचटाच्या कोपीपाशी, नवऱ्याच्या समोर उतरली, तेव्हाच मास्तर माघारी फिरले.

या सगळ्याची झळ बसली ती काकूंना. काकूंचं माहेर नारायणगावच्या पलीकडे. माहेरी जायचं तर बरेचदा मास्तरांचीच गाडी मिळे. मास्तर त्यांना तिकीट काढायला लावत आणि वर उभं करत. "कंडक्टरची बायको शीटवर आन म्हातारी माणसं उभी, हे बरं दिसंल का?" गाडी रिकामी असली तरी हाच न्याय; का, तर पुढच्या थांब्यावर कुणी चढलं तर? काकूंनी अशी कितीतरी वर्षं, कडेवर रोहिणीला घेऊन, एका हातानं दांडी धरून माहेरपण केलं.

म्हणून मास्तर निवृत्त झाले, शाल-नारळ घेऊन घरी आले, त्याच संध्याकाळी काकूंनी आपलं मागणं पुढे ठेवलं. "मला आगगाडीनं न्या. दोन दिस. शहर कुठलं बी चालंल. पर मला बसून जायचंय. आन तुमी माज्या शेजारी बसायचं."

मास्तरांनी शाल खुर्चीवर ठेवली. आमच्या भागात रेल्वे नाही. ती येणार, येणार म्हणून अधूनमधून कुणीतरी येऊन शेतांत खुणेचे दगड रोवून जातं, लोक त्यावर बसून विडी ओढतात. मास्तरांनी ही रेल्वे कधी मनावर घेतलीच नव्हती. "हात केल्यावर थांबत न्हाई, ती कसली गाडी?" ते म्हणाले. "आन घंटी कोण मारतं? कोणच न्हाई. मंग सुटती कुणाच्या सांगण्यानं?"

काकू भांडल्या नाहीत. त्या फक्त उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनीही बसणं सोडलं. भाजी उभ्यानं निवडायच्या, टीव्ही उभ्यानं बघायच्या. घरात दोघंही उभे असल्यामुळे आलेल्या पाहुण्यालाही बसायची चोरी झाली. माझे वडील एकदा भावाशी पाणी-पाळीचं बोलायला गेले आणि अर्ध्या तासानं पोटऱ्या चोळत परत आले. आठव्या दिवशी काकूंचे गुडघे सुजले. नवव्या दिवशी मास्तर माझ्याकडे आले आणि दारात उभं राहून म्हणाले, "पोरी, ते रिझर्वेशन का काय, ते कर बाई. तू बी चल. मला त्यातलं कळत न्हाई."

मी पुणे ते कोल्हापूर अशी तीन तिकिटं काढली. शुक्रवारी जायचं, रविवारी परत. काकूंनी नवं लुगडं नेसलं, दशम्या बांधल्या, खिडकीशी बसल्या. मास्तर त्यांच्या शेजारी बसले. मी मुद्दाम लक्ष ठेवून होते. गाडी हलेपर्यंत बसले. गाडी हलली तशी त्यांची मान वर वळली आणि डोळे घंटीची दोरी शोधू लागले. "डबल घंटी दिली न्हाई कुणी, आन हालली," असं पुटपुटत ते उठले ते दाराशी जाऊन उभे राहिले.

थोड्या वेळानं तपासनीस आला. मास्तरांनी त्याला पाहिलं आणि घरचं माणूस भेटल्यासारखे खुलले. "किती भरल्यात?" त्यांनी विचारलं. तो म्हणाला, "तिकीट?" मास्तरांनी माझा मोबाईल त्याच्यापुढे धरला आणि त्यानं नुसतं बघून परत दिला, हे त्यांना अजिबात आवडलं नाही. "भोक न्हाई पाडत? मंग परत कोण इचारणार न्हाई कशावरनं?" तोवर डब्यातल्या लोकांनी त्यांनाच रेल्वेचा माणूस समजून जागा विचारायला सुरुवात केली होती. मास्तरांनी तासाभरात आमचा डबा लावून टाकला. म्हाताऱ्या खाली, तरणे वर, बोचकी सगळी बाकाखाली. काकू खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्यांच्या शेजारच्या जागेवर आता एक लेकुरवाळी बाई बसली होती. तिलाही मास्तरांनीच बसवलं होतं.

लोणंदच्या अलीकडे एका लहानशा स्टेशनात गाडी थांबली आणि निघाली. तेवढ्यात फलाटावरून एक म्हातारा धोतर सावरत, हात वर करून धावत येताना दिसला. हात केलेला माणूस! मास्तर चौतीस वर्षं ज्यासाठी जगले तेच हे दृश्य. त्यांनी दांडी धरून बाहेर वाकून म्हाताऱ्याचं मनगट पकडलं, "चला बाबा, चढा, चढा," म्हणत त्याला वर ओढून घेतलं आणि आत सरकवलं. "शेवटच्या पॅशिंजरला सोडायचं नसतं," ते धापा टाकत आम्हाला म्हणाले.

म्हातारा दाराकडे बोट करून ओरडत होता. "माजी शेळी! आवं, माजी शेळी!"

तो गाडीसाठी धावतच नव्हता. त्याची शेळी दावं तोडून फलाटावरून पळाली होती आणि तो तिच्या मागे होता. ती शेळी आता आम्हाला मागे मागे जाताना दिसत होती, आणि तीही गाडीकडेच बघत होती.

मास्तरांचा हात आपोआप वर गेला. तिथे साखळी होती. त्यांनी ती एकदाच, व्यवस्थित ओढली. एक घंटी म्हणजे थांबा. गाडी करकरत उसाच्या फडात थांबली. खाली दोन्ही बाजूंना ऊस, वर ऊन, आणि सगळ्या डब्यांतून बाहेर आलेली डोकी. गार्ड तणतणत आला. "साखळी कुणी ओढली?"

"मी," मास्तर म्हणाले. "पॅशिंजर चुकून बसला व्हता."

"चुकून बसला की चुकून बसवला?" गार्डनं विचारलं.

मास्तरांनी थोडा विचार केला. "बसवला," त्यांनी कबूल केलं. गार्डनं त्यांचं नाव-गाव लिहून घेतलं आणि साताऱ्याला रेल्वे पोलिसांपुढे उभं राहावं लागेल असं बजावलं. "ऱ्हातो की," मास्तर म्हणाले, "उभं ऱ्हायला मला काय हाये. पर आधी बाबांना पोचवून येतो." आणि गार्ड नको नको म्हणत असताना ते खाली उतरले. म्हाताऱ्यालाही हात धरून उतरवलं. मग आमच्या खिडकीखाली येऊन काकूंना म्हणाले, "चल, उतर. शेळी घावली की एसटीनं जाऊ कोल्हापूरला."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग समोरच्या बाकाकडे, हातातल्या दशमीकडे पाहिलं. मी पिशव्या काढायला उठले, तर त्यांनी माझा पदर धरून मला खाली बसवलं.

"तुमी जावा," त्या मास्तरांना म्हणाल्या. "मी कोल्हापूरला चाललेय."

गाडी हलली. मास्तर खडीवर उभे होते. शेजारी म्हातारा. इतक्या वर्षांत सुटलेल्या गाडीबाहेर राहायची त्यांची ती पहिलीच वेळ असावी. त्यांनी हात केला. गाडी थांबली नाही.

कोल्हापुरात काकूंनी देवीचं दर्शन घेतलं, तांबडा-पांढरा रस्सा खाल्ला आणि रंकाळ्याच्या काठावर तासन्‌तास बसून राहिल्या. मास्तरांचा फोन आला की मला म्हणायच्या, "तू बोल. मी बसलेय." मास्तर सांगत होते, की ते शनिवारी स्वतः साताऱ्याला रेल्वे पोलिसांकडे गेले, पण तिथे त्यांच्याविषयी काही निरोपच आला नव्हता. मास्तर हटून बसले, म्हणजे हटून उभे राहिले. साखळी ओढलीये, गुन्हा घ्या. साक्षीदार म्हणून म्हातारा बरोबर नेला होता. शेवटी हवालदारानं दोघांना चहा पाजून, हात जोडून घालवलं. भेळ खाताना मी हे काकूंना सांगितलं, तर त्या भेळेकडे बघत म्हणाल्या, "मी रडंन आसं वाटलं व्हतं. पर मला लई बरं वाटतंय. आन बरं वाटतंय याचंच रडू येतंय."

रविवारी परतताना त्याच लहानशा स्टेशनात मास्तर आमच्या डब्यात चढले. म्हातारा त्यांना पोचवायला आला होता.

"घावली का शेळी?" काकूंनी विचारलं.

"ती आमच्या आधीच घरी गेली व्हती."

"मंग दोन दिस काय केलं?"

"काय न्हाई. बाबा एकलेच असत्यात. बसा म्हणलं. बसलो."

काकूंचा चेहरा बदलला. "बसलात?" त्या म्हणाल्या. "परक्याच्या घरी जाऊन बसलात?"

"अगं, छप्पर लई ठेंगणं व्हतं," मास्तर काकुळतीला आले. "उभं राहिलं की टाळकं आपटायचं. दोनदा आपटलं, मंग बसलो." त्यांनी वाकून टेंगूळ दाखवलं. काकूंनी ते बोटानं दाबून पाहिलं, आणि एकदम तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. पुण्यापर्यंत त्या अधूनमधून हसत होत्या. मास्तर दाराशी उभे राहून, कुणी धावत येत असलं तर ते शेळीसाठी की गाडीसाठी, हे आधी ओरडून विचारत होते.

पुढच्या वर्षी काकूंनी मला सोलापूरची दोन तिकिटं काढायला सांगितली. मात्र दोन वेगळ्या डब्यांची. "ते त्यांच्या डब्यात उभं राहतील, मी माज्या डब्यात बसंन," त्या म्हणाल्या. मला वाटलं, हे काही बरं चिन्ह नाही. पण परत आल्यावर काकूंनी वेगळंच सांगितलं. दर स्टेशनला मास्तर आपल्या डब्यातून उतरून फलाटावरून पळत काकूंच्या खिडकीशी येत. स्टेशनाचं नाव सांगत, गाडी किती मिनिटं थांबणार ते सांगत, खिडकीतून चहा नाहीतर पेरू देत आणि परत पळत जात. "लगीन झाल्यापास्नं एवढं कधी बोलले न्हवते माज्याशी," काकू म्हणाल्या. मग दरवर्षी असंच. हैदराबाद झालं, सुरत झाली. तिकिटं मीच काढायची, वेगवेगळ्या डब्यांची.

मागच्या थंडीत मास्तर गेले. छातीत कळ आली म्हणून मंचरला नेलं आणि तिसऱ्या दिवशी संपलं. सुतक फिटलं, माणसं पांगली. उन्हाळ्याच्या तोंडाला काकू आमच्या ओट्यावर आल्या. "सोलापूरचं काढ," त्या म्हणाल्या. मी न विचारता दोन काढली, एकाच डब्यात, शेजारी शेजारी.

काकू खिडकीशी बसल्या.  दर स्टेशनला गाडी मंदावली की त्या खिडकी वर करत, गजांना गाल लावून गाडीच्या मागच्या बाजूला बघत आणि गाडी निघाली की खिडकी खाली ओढून घेत. दौंडला मी विचारलं, "काय बघताय काकू?"

"काय न्हाई. जरा हवा येती."

कुर्डुवाडीला गाडी थांबली तशी मी उठले, उतरले, चहा घेतला आणि फलाटावरून त्यांच्या खिडकीशी गेले. कप वर धरला.

"कुर्डुवाडी," मी म्हणाले. "दोन मिनिटं थांबणार."

काकूंनी कप घेतला.

"दोन न्हाई," त्या म्हणाल्या, "पाच. हितं पाच मिनटं थांबती."