शिळं पाणी

घरातलं प्यायचं होतं नव्हतं तेवढं सगळं पाणी मी सकाळी उठून ओतून दिलं.

हंड्यातलं, दोन्ही कळशांतलं आणि स्वयंपाकघरात झाकून ठेवलेल्या मोठ्या पातेल्यातलंही. का, तर ते शिळं होतं. पुण्यात आमच्या घरी कालचं पाणी आज कोणी पीत नसे. आई सकाळी भांडी रिकामी करायची, घासायची आणि ताजं पाणी भरायची. चाळिशी आली तरी मी त्या भांड्यांना कधी बोट लावलं नव्हतं. ते नेमकं हैदराबादेत, सासुरवाडीला लावलं.

तसे आम्ही राहतो हैदराबादेतच, कुकटपल्लीला. पण त्या उन्हाळ्यात सासऱ्यांना कावीळ झाली, आणि ते दवाखान्यातून घरी आल्यावर मदतीला म्हणून आम्ही विद्यानगरला त्यांच्या घरी मुक्काम हलवला. मदत म्हणजे काय, तर बायको आणि सासूबाई आळीपाळीने त्यांच्या उशाशी बसायच्या, आणि मी बाहेरच्या खोलीत कानाला हेडफोन लावून ऑफिसला उत्तरं द्यायचो. आदल्या दिवशी सासूबाई दारात येऊन काहीतरी म्हणाल्या. मी मीटिंगमध्ये होतो. मान हलवली, "हो हो" म्हटलं. त्या सांगत होत्या की मोठी पाइपलाइन फुटलीय, दोन दिवस नळ येणार नाही, भरून ठेवलंय ते जपून वापरा.

तर सगळे झोपलेले असताना मी चिंच लावून तांब्याचा हंडा घासला. असा लखलखला की त्याचा फोटो काढला. मग भांडी अंगणात नळाखाली मांडली आणि तोटी फिरवली. नळाने एक लांब सुस्कारा सोडला आणि गप्प बसला.

ओतलेलं पाणी मात्र गप्प बसलं नाही. ते फाटकाखालून निघालं आणि गल्लीच्या उतारावरून चालू लागलं. थोड्या वेळात समोरच्या तेलुगू आजी प्लास्टिकची बिंदगी, म्हणजे घागर, घेऊन धावत आल्या, त्यांच्यामागे आणखी दोघीतिघी.

"नल आया क्या?"

"नहीं आया, अम्मा."

"फिर ये पानी किधर का?"

"हमारा है."

"गिर गया क्या?"

इथे हो म्हणून सुटता आलं असतं. पण माझ्या जिभेला वेळीअवेळी खरं बोलायची खोड आहे. म्हणालो, "नहीं, बासी था."

आजींनी ते तेलुगूत बाकीच्यांना सांगितलं. हसू थेट कोपऱ्यापर्यंत ऐकू गेलं असावं, कारण सासूबाई जाग्या होऊन बाहेर आल्या.

"पातेलं कुठंय?"

"घासून पालथं घातलंय."

"त्यातलं उकळलेलं पाणी?"

"कढीपत्त्याला घातलं."

त्या पायरीवर बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं: ऊन फार आहे, उकळलेलं पाणी घोट घोट पाजत राहा, लघवी थांबली तर सरळ परत घेऊन या.

"बाटल्या आणतो ना," मी म्हणालो.

"नक्को! हे कुणाच्या तरी लग्नात बाटलीचंच प्याले, अन् मग डोळे पिवळे झाले."

कावीळ त्या बाटलीनेच झाली की पंगतीतल्या चटणीने, देव जाणे. पण सासऱ्यांच्या मनात ते पक्कं बसलं होतं. मी तरी बाटली आणलीच. ती पाहताच त्यांनी ओठ असे मिटले की चमचाही जाईना. मग बोअरचं पाणी उकळलं. ते इतकं खारट की दोन घोट गेले आणि सकाळच्या पेजेला सोबत घेऊन बाहेर आले.

दुपारपर्यंत ते हाक मारली तर नुसते डोळे उघडत. बायकोने त्यांच्या हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच खाली बसली नाही. तशीच राहिली.

"बाबा, लघवी झाली का हो?"

त्यांनी मान हलवली. नाही.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. "बघत काय बसलास? जा, माग जाऊन! संध्याकाळपर्यंत नाही झाली तर दवाखानाच."

हातात कळशी घेऊन मी सकाळी हसलेल्या त्याच बायकांच्या दारांत उभा राहिलो. आधी समोरच्या आजींकडे.

"अय्यो, अल्लुडूगारू!" जावयाला तेलुगूत असं आदराने म्हणतात, त्यात आदर किती होता ते सोडा. "क्या, ताजा होना क्या?"

"कैसा भी चलेगा, अम्मा. बासी भी."

त्या पोटभर हसल्या. मग मी सासऱ्यांचं सांगितलं आणि हसणं थांबलं. "पहले बोलना ना!" म्हणत त्या आत गेल्या. त्यांच्या हंड्यात डोकावलो तर तळ दिसत होता. तरी त्यांनी एक लोटा भरून ओतला. पुढच्या घराने तांब्याभर दिलं. त्याच्या पुढच्या घराचं दार मला बघून लागलं, आणि त्यांचा राग धरायला मला तोंड नव्हतं. आजी मात्र मागून आल्या आणि प्रत्येक दारात माझी गोष्ट तेलुगूत नव्याने सांगू लागल्या. लोक हसायचे आणि द्यायचे. कळशी अर्धी झाली. नवं बाळ घरी आणावं तसा मी ती छातीशी धरून, ठेच लागू नये म्हणून पायांकडे बघत घरी आलो.

पाणी उकळायला एवढा वेळ लागतो हे मला ठाऊक नव्हतं. निवायला तर त्याहून जास्त. बोअरच्या पाण्याच्या परातीत पातेलं ठेवून बायको वर्तमानपत्राने वारा घालत होती. मग पहिला चमचा. आम्ही तिघं त्यांच्या गळ्याकडे बघत राहिलो. पोटात ठरला. दुसरा. तोही ठरला. सासूबाई मोठ्याने काही बोलेनात, जणू आवाजाने ते उलटेल.

ऊन उतरल्यावर सासऱ्यांनी उठायला भिंतीकडे हात केला. त्यांना बायकोने आणि मी धरून संडासापर्यंत नेलं. मी दाराबाहेर कान लावून उभा राहिलो. अखेर आतून आवाज आला, थोडाच, पण आला. दाराला टेकूनच मी खाली बसलो.

परत अंथरुणावर टेकल्यावर त्यांनी मला नीट न्याहाळलं. "काय काय ओतलं म्हणे?"

"सगळंच, बाबा. चुकलं माझं. पण आता उद्यापासून पाण्याचं सगळं मीच बघतो."

"नक्को," ते क्षीण आवाजात म्हणाले. "तुम्ही काही करू नका हो. तुम्ही नुसते बसून राहिलात का घर बराबर चालतं."